दूधगंगेपलीकडची आफ्रिका

सीमाभागात बंदुका तीन जातीच्या.

पहिली ठासणीची. ही खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे, भाताच्या शेताला लागून असलेल्या घरांत सापडते. हिच्यात दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, गजानं ठासायचं, मग टोपी चढवायची. एवढं होईतो रानडुक्कर भात खाऊन, बांधाला अंग घासून, पोराबाळांना घेऊन रानात परतलेलं असतं. तरी शेतकरी बार काढतोच. तो डुकरासाठी नसतो; आपण जागे होतो हे शेजाऱ्याला कळावं म्हणून असतो.

दुसरी बाराबोअरची. ही निवृत्त फौजींची. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आमच्याकडे गल्लीला एखादे सुभेदार आणि दोन-तीन हवालदार असायचेच. पेन्शन सुरू झाली की महिन्याभरात त्यांना घरात बसवत नाही आणि घरच्यांना ते बसलेले बघवत नाहीत. मग ते बाराबोअर घेऊन बँकेच्या दारात उभे राहतात. त्या बंदुकीनं दरोडा हाणून पाडलेला मी पाहिला नाही. पण पासबुक छापायच्या यंत्रात पुस्तक कुठल्या बाजूनं घालायचं, ते त्या नळीनं दाखवलेलं पुष्कळदा पाहिलं आहे.

तिसरी वाड्यातली. हिचा मालक एके काळचा इनामदार, देसाई, नाहीतर तंबाखूचा व्यापारी. ही बंदूक वाजत नाही, ती सांगितली जाते. 'आजोबांनी हिच्यानं ढाण्या वाघ पाडला' असं सांगतात. वाघ जिथं पाडला ते गाव मात्र दर पिढीला लांब जातं. मुलाच्या तोंडी ते आंबोली असतं, नातवाच्या तोंडी दांडेली, आणि पणतू इंजिनिअर होऊन पुण्याला गेला की थेट सुंदरबन.

आमच्या निपाणीतल्या वखारवाल्या अण्णांची दुनळी या तिसऱ्या जातीतली. बंदूक वडिलांची, परवाना वारसानं अण्णांच्या नावावर आलेला. परवान्यावर कारण लिहिलंय, 'शेतीसंरक्षण'. शेत तवंदीच्या बाजूला आहे, त्यात तंबाखू आहे, आणि तंबाखूला तोंड लावणारं जनावर माणसाशिवाय दुसरं नाही. तेव्हा बंदुकीचं वर्षातलं काम एकच, खंडेनवमीला पुसून पाटावर बसायचं. झेंडूची माळ, उदबत्ती, हळद-कुंकू. इतक्या वर्षांचं हळद-कुंकू दोन्ही नळ्यांत इतकं बसलंय की चुकून बार उडालाच, तर समोरच्याला इजा व्हायच्या आधी त्याचा सत्कार होईल.

अशा या अण्णांनी 2023 सालच्या सुरुवातीला, मोबाइलवर कसलीशी चित्रफीत बघून, बस स्टँडाजवळच्या चहाच्या गाड्यावर जाहीर केलं, की आपण आफ्रिकेत शिकारीला जाणार. आणि जाणार ते आपली स्वतःची बंदूक घेऊन.

"बंदूक आपली, काडतूस आपलं, नेम आपला," अण्णा म्हणाले. "फक्त जनावर त्यांचं."

"आणि पैसे?" मास्तरांनी विचारलं. मास्तर निवृत्त आहेत, पण प्रश्न विचारायचं थांबलेले नाहीत.

"पैसे बी आपलेच की."

"मग त्यांचं जनावर तरी कुठं राहिलं?"

सुभेदार तात्यांनी व्यवहारी तोडगा काढला. तिकडच्या शिकारी कुरणांवर रायफल भाड्यानं मिळते, तेल-पाणी केलेली, नेम लावून ठेवलेली. हात हलवत जायचं आणि हात हलवत यायचं.

अण्णा भडकले. "भाड्याच्या बंदुकीनं शिकार? म्हंजे भाड्याच्या घोड्यावर बसून लगीन!"

"अण्णा, लग्नातला घोडा भाड्याचाच असतोय," तात्या म्हणाले. "तुम्ही काय घरचा घोडा नेला हुता?"

अण्णांचा हट्ट मात्र हलला नाही, आणि त्यामागचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे शिकारीचा शौक 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आवळला आणि जे काही फटीतून उरलं होतं ते 1991 च्या दुरुस्तीनं बुजवलं. आज अण्णांनी नुसत्या सशावर दुनळी झाडली, तर ससा रानात आणि अण्णा हिंडलग्याच्या जेलात. म्हणजे घराण्याच्या बंदुकीला घराण्याच्या गावात काही भवितव्य नव्हतं. तिला बार काढायला समुद्र ओलांडणं भाग होतं.

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात अशी सोय आहे, हे खरं. तिथं हजारो एकरांची खाजगी कुरणं असतात. जनावरं मोजलेली असतात आणि प्रत्येकाचा दर ठरलेला असतो. इम्पाला स्वस्त, कुडू मधला, झेब्रा त्याच्या आसपास, आणि रानम्हैस म्हणजे सोन्याच्या भावाची. अण्णांनी ते दरपत्रक मागवलं आणि व्यापाऱ्याच्या नजरेनं वाचलं. एका अटीवर त्यांचं बोट थबकलं. जनावराला गोळी लागून रक्ताचा थेंब सांडला आणि मग ते पळून हरवलं, तरी पैसे पूर्ण द्यायचे.

"हे कुठलं?" अण्णा म्हणाले. "माल ताब्यात नाही आणि पट्टी पूर्ण? आमच्या बाजारात असला सौदा कुणी केला असता, तर लिलावातनं उठवून हाकलला असता."

"नेम चांगला असला की प्रश्नच नाही," मास्तर म्हणाले.

अण्णा दरपत्रकाची घडी घालून खिशात ठेवण्यात गुंतले.

दुसरी अडचण नळीची निघाली. रानम्हैस, हत्ती, सिंह अशा अंगावर येणाऱ्या जनावराला तिकडे कमीत कमी .375 ची रायफल लागते. आपल्याकडे सरकारी कारखान्यात सामान्य माणसासाठी जी रायफल बनते ती .315 ची, कारण फौजेची .303 नागरिकाला द्यायची नाही म्हणून हे वेगळं माप काढलेलं. आणि अण्णांची तर रायफलसुद्धा नाही, छर्र्याची दुनळी. कुरणवाल्यानं कळवलं, की हे हत्यार आणायला हरकत नाही, हिच्यानं तुम्हाला तितर मारता येतील.

"तितर!" अण्णा म्हणाले. "तितर मारायला आफ्रिका?"

पण बंदूक जाणार हे ठरलं होतं. काय मारायचं ते तिथं गेल्यावर बघू.

मग कागद सुरू झाले. दक्षिण आफ्रिकेत तात्पुरती बंदूक न्यायची तर तिथल्या पोलिसांचा 520 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. काळ्याच शाईनं. सही घरून करून न्यायची नाही, ती विमानतळावर अधिकाऱ्यासमोर ठोकायची. सोबत कुरणवाल्याचं निमंत्रण, परतीचं तिकीट, बंदूक तुमचीच असल्याचा पुरावा आणि ती का आणताय याचं पत्र. एका मापाची एकच बंदूक, आणि बंदुकीमागे 200 काडतुसं. विमानवाले म्हणणार, काडतुसं पाच किलोच्या आत, वेगळ्या पेटीत, कुलूपबंद. अण्णांच्या कपाटातली काडतुसं सगळी मिळून एका मुठीत मावत होती आणि त्यांतल्या अर्ध्यांचा पुठ्ठा फुगलेला होता. त्यामुळे वजनाचा प्रश्न आला नाही. जन्मभर निळ्या पेनानं हुंड्या लिहिलेल्या अण्णांनी काळं पेन मात्र विकत आणलं. आफ्रिकेच्या मोहिमेवरचा तो पहिला खर्च.

देशाबाहेर बंदूक न्यायला आपलं सरकार अडवेल, अशी सगळ्यांची समजूत होती. मास्तरांनी कायदा काढून वाचला. 1959 चा शस्त्र कायदा, कलम 10. ते कलम चांगलंच दयाळू निघालं. कायद्यानं हत्यार बाळगणाऱ्याला स्वतःच्या वापरासाठी ते वाजवी प्रमाणात भारताबाहेर नेता येतं आणि परत आणता येतं. कस्टम्सचा दाखला तेवढा जाताना घ्यायचा, म्हणजे येताना परदेशी माल म्हणून धरणार नाहीत.

अण्णांनी चहा सांगितला. सगळ्यांना, खारीसकट.

चहा संपता संपता तात्यांनी विचारलं, "विमान कुठनं?"

"मुंबईतनं."

"परवाना कुठवर चालतोय?"

अण्णांनी परवान्याचं बुक उघडलं. प्रत्येक परवान्यावर तो कुठवर चालतो ते लिहिलेलं असतं. जिल्हा, राज्य, नाहीतर सगळा भारत. अण्णांच्या परवान्यावर होतं, कर्नाटक राज्य.

गाड्यावर शांतता पसरली. मुंबईला जायचं तर निपाणीतून हायवेनं निघायचं, कोगनोळीचा टोल भरायचा आणि दूधगंगेचा पूल ओलांडायचा. पुलापलीकडे कागल. कागल म्हणजे महाराष्ट्र. आणि महाराष्ट्रात अण्णांची दुनळी म्हणजे विनापरवाना हत्यार. म्हणजे भारत देश ओलांडायला कायदा राजी आणि दूधगंगा ओलांडायला नाही.

मग आम्ही नकाशा घेऊन बसलो. बेळगावला सांबऱ्याला विमानतळ आहे, पण तिथून मुंबईचं विमान धरलं तर बंदूक मुंबईत उतरणार, आणि मुंबई तर महाराष्ट्राची राजधानीच. कोल्हापूरचा विमानतळ जवळ, पण तो पुलापलीकडे. गोव्याला दोन विमानतळ, पण ते तिसरंच राज्य. राहता राहिलं बेंगळूर. म्हणजे नैऋत्येच्या जोहान्सबर्गला जाण्यासाठी अण्णांनी आग्नेयेला जवळजवळ सहाशे किलोमीटर बंदूक घेऊन बसायचं. तेही बसमध्ये, कारण अण्णांच्या गाडीचा ड्रायव्हर चित्रदुर्गाच्या पुढे कधी गेलेला नव्हता.

इथं सीमाभागाबाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. तेव्हापासून आमच्याकडे 1 नोव्हेंबरला काळा दिवस असतो. महाजन आयोग 1966 मध्ये बसला, 1967 मध्ये अहवाल देऊन उठला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इकडे आमच्या घरांत सुना गडहिंग्लजच्या, डॉक्टर कोल्हापूरचे, पेपर कोल्हापूरचा, आणि पोरं नोकरीला पुण्यात. आमच्या गल्लीत कुणालाच हद्द दिसत नाही. अख्ख्या घरात 1956 चा निर्णय मनापासून मान्य असलेली वस्तू एकच, ती म्हणजे अण्णांची बंदूक.

तेव्हा अण्णांनी परवाना सगळ्या भारतासाठी करून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी बेळगावला खेपा सुरू झाल्या. एका टेबलामागं एक भला माणूस बसलेला होता. तो कानडीत विचारे, अण्णा मराठीत उत्तर देत, आणि दोघांचं व्यवस्थित चाले. आमच्याकडे भांडण भाषांचं असतं, माणसांचं काम चालूच असतं.

"सगळ्या भारताला कशाला पायजे री?" त्यानं अखेर मराठीत विचारलं. कारणाच्या रकान्यावर त्याचं पेन टेकलेलं.

"फिरायला जातोय."

"फिरायला बंदूक?"

अण्णांनी आवाज खाली आणला. "शिकारीला. आफ्रिकेत."

भल्या माणसानं जुना परवाना उलटसुलट केला. "परवाना शेतीसंरक्षणाचा आहे तुमचा. आफ्रिकेत शेत आहे काय री तुमचं?"

"नाही."

"मग तिथली डुकरं तुमचं काय खाणार?"

अण्णा परतीच्या बसमध्ये संकेश्वरपर्यंत बोलले नाहीत. संकेश्वरला म्हणाले, "प्रश्न बरोबर विचारला त्यानं." अडचण खरोखर तीच होती. भारतात शिकार बंद, त्यामुळे भारतातल्या परवान्यावर शिकार हे कारण लिहिता येईना. खोटं कोणतंही कारण चाललं असतं. जे खरं होतं तेवढंच बसत नव्हतं.

अर्ज मात्र नव्यानं घातला. त्याला तब्येतीचा दाखला, मानसिक स्थिती ठीक असल्याचा दाखला, हत्यार नीट कुलपात ठेवीन अशी हमी आणि बंदूक चालवण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. अण्णा प्रशिक्षणाला गेले. वाड्यातल्या बंदुकीच्या मालकानं खांद्याला दस्ता लावायचा तो पहिलाच प्रसंग. नंतर आठवडाभर ते डाव्या हातानं जेवले. मानसिक स्थितीचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, की हे सगळं कशासाठी. अण्णांनी खरं सांगितलं. डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बसवलं आणि पेन बराच वेळ हातात धरून मग सही केली.

एवढ्यात निवडणूक लागली. कर्नाटक विधानसभा, मतदान 10 मे 2023. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या, हा आपल्या लोकशाहीतला नेम. मतदान यंत्रं बाहेर येतात आणि बंदुका आत जातात. अण्णा दुनळी शालीत गुंडाळून ठाण्यात घेऊन गेले. तिथं भिंतीला ओळीनं बंदुका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या चापाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. खानापूरकडच्या ठासणीपासून ते थेट आखूड नळीच्या कुठल्या तरी संस्थानी हत्यारापर्यंत सगळ्या. अण्णा पावती घेऊन थोडे रेंगाळले आणि शेजारच्या बंदुकीची चिठ्ठी वाचू लागले. कारण, 'शेतीसंरक्षण'. त्याच्या शेजारची, 'शेतीसंरक्षण'. अण्णांचं म्हणणं, की एवढं संरक्षण असतानासुद्धा शेती परवडत नाही, याचा सरकारनं विचार केला पाहिजे.

बंदूक परत आली, अर्ज कुठल्या तरी टेबलावर पोचला, आणि लोकसभा लागली. निपाणी चिकोडी मतदारसंघात, मतदान 7 मे 2024. बंदूक पुन्हा शालीत.

जुन्या लोकांना हे कागद नव्हते. छत्रपती शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरात 1874 साली जन्मले, दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती झाले आणि शिकारीचे भलते शौकीन होते. हद्द तेव्हाही होती, इकडे इंग्रजांचा बेळगाव जिल्हा, तिकडे संस्थान, आणि संस्थानाचे रायबाग, कटकोळ हे तुकडे पुन्हा हद्दीच्या अलीकडे. पण 1878 च्या इंग्रजी शस्त्र कायद्यात राजेमहाराजांना सूट होती. कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी तर वेगळीच युक्ती केली. भारतातले चित्ते संपत आले, तेव्हा त्यांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले आणि इथल्या माळावर काळविटांमागे सोडले. आपण बंदूक घेऊन आफ्रिकेत जाण्यापेक्षा शिकारीच आफ्रिकेतून आणवायचा. अण्णांना हे मनापासून पटलं, पण चित्त्याचा परवाना कुठल्या टेबलावर मिळतो, हे विचारायला आम्ही त्यांना जाऊ दिलं नाही. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते विमानानं मध्य प्रदेशात कुनोला आले, तेव्हा ते गळ्यात पट्टा घालून, तपासणी होऊन, ठरलेल्या दिवशी उतरले. अण्णांच्या मते आफ्रिका ते भारत हा प्रवास चित्त्याला सोपा आणि उलटा प्रवास वखारवाल्याला अवघड, हे बरोबर नाही.

मास्तरांनी आगीत तेल ओतलं. याच कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातल्या कोडव मंडळींना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, आणि ती सरकारनं 2029 पर्यंत वाढवून दिली आहे, असं त्यांनी सांगितलं.

"कोडव व्हायला कुठला फॉर्म असतोय?" अण्णांनी गंभीरपणे विचारलं.

आणि सगळ्यात राग येतो तो जनावरांचा. त्यांना काहीच लागत नाही. 2002 च्या सुमाराला कर्नाटकातल्या जंगलातून हत्ती निघाले आणि दोडामार्गात उतरले. पुढे चंदगड, आजऱ्यापर्यंत गेले, ऊस खाल्ला, केळी खाल्ल्या, माड उपटले. कोगनोळीला टोल नाही, कारणाचा रकाना नाही. 1956 साली चंदगड एकीकडे आणि खानापूर दुसरीकडे गेलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गवे तर रोज सकाळी कर्नाटकात चरतात आणि संध्याकाळी महाराष्ट्रात पाणी पितात. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबावं, असं एकाही गव्याला वाटत नाही.

बेळगावच्या बिबट्याची गोष्ट तर शहरानं अंगावर काढली. 2022 च्या ऑगस्टात जाधव नगरात एका बांधकाम मजुरावर बिबट्यानं हल्ला केला आणि दिसेनासा झाला. मग तो कॅम्पाकडच्या गोल्फ मैदानावर दिसला. भर वस्तीत, हिरव्यागार गवतावर, जिथं सामान्य बेळगावकराला सदस्य झाल्याशिवाय पाय ठेवता येत नाही. आसपासच्या बावीस शाळा बंद झाल्या. पोरांचा आनंद काय वर्णावा! रोज सकाळी 'बिबट्या सापडला काय?' असं विचारायची आणि नाही म्हटलं की पुन्हा पांघरुणात शिरायची. पिंजरे लागले, कॅमेरे लागले, ड्रोन उडाले. भुलीच्या बंदुका घेऊन माणसं आली. शिवमोग्ग्याकडच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले, मुधोळची कुत्री आणली. जिल्ह्यातल्या यच्चयावत परवानाधारकांनी 'मला बोलवा, मी बघतो' असं गल्लीत सांगितलं आणि अंधार पडायच्या आत कड्या लावल्या. तो अधूनमधून दिसायचा, कॅमेऱ्यात यायचा, रस्ता ओलांडताना कुणाच्या तरी मोबाइलमध्ये सापडायचा. आणि शेवटी कुणाच्या हाती न लागता निघून गेला. परक्या मुलखात मोठी मोहीम काढून, पाहिजे तेवढे दिवस राहून, सगळ्यांना कामाला लावून सुखरूप परतलेला माझ्या माहितीतला हा एकच पाहुणा. सगळी हत्यारंही त्यानं स्वतःचीच आणली होती.

2024 च्या एप्रिलात, अण्णांची दुनळी दुसऱ्यांदा ठाण्यात असताना, एक बातमी आली. जर्मनीत शिकारीची मुंडकी-कातडी आणण्यावर बंधनं आणायचं बोलणं चाललं होतं. त्यावर बोट्स्वानाचे अध्यक्ष मासिसी चिडले आणि म्हणाले, आमच्याकडे हत्ती फार झालेत, वीस हजार हत्ती जर्मनीला पाठवून देतो, राहा त्यांच्याबरोबर. हा मुद्दा आमच्या गाड्यावर जितका नीट समजला, तितका बर्लिनमध्ये समजला नसेल. बोट्स्वानानं 2014 मध्ये शिकार बंद केली होती आणि 2019 मध्ये पुन्हा उघडली. तिथल्या शेतकऱ्याचा हत्ती आणि चंदगडच्या शेतकऱ्याचा हत्ती खाण्यापिण्याच्या बाबतीत सारखेच. लांबून हत्ती देखणा दिसतो. ज्याच्या उसात तो उभा असतो, त्याला हत्तीचं सौंदर्य मागच्या बाजूनं, तो निघून जाताना कळतं.

"वीस हजार!" तात्या म्हणाले. "आमच्या तालुक्यात एक आला तर पंचनाम्याला महिना लागतोय."

अण्णांनी मात्र पहिल्यांदा वेगळा प्रश्न विचारला. "मारायचाच तर तो ज्याचं शेत खाल्लं त्यानं मारावा. मी निपाणीतनं जाऊन का मारायचा?"

मास्तरांनी ही फट बरोबर हेरली. जिम कॉर्बेट, ज्यानं कुमाऊंचे नरभक्षक वाघ मारले, तो 1947 मध्ये भारत सोडून केनियात न्येरीला जाऊन राहिला, असं त्यांनी सांगितलं. बंदूक त्यानं तिथं चालवावी, तर त्याचं मन बंदुकीवरून उडून कधीच कॅमेऱ्यावर बसलेलं. केनियानं स्वतः 1977 मध्ये शिकार बंद केली. आणि आता तिथं जगभरातली माणसं नुसतं बघायला जातात. "तुमच्यापेक्षा मोठा शिकारी कॅमेऱ्यावर आला अण्णा," मास्तर म्हणाले, "आणि त्याला बेंगळूरवरनं जावं लागलं नाही."

अण्णांच्या बायकोनं शेवटचा धक्का दिला. तिचं म्हणणं सरळ होतं, तितर मारायला जात असाल तर एकटे जा. सिंह बघायला जात असाल तर मी येते, आणि माझी बहीणही येते. 2024 च्या दिवाळीत अण्णा, वहिनी, वहिनींची बहीण आणि तिचे यजमान असे सहल कंपनीबरोबर मसाईमाराला गेले. बाकरवडी, चकली आणि निपाणीचा चिवडा घेऊन. अण्णांनी कॅमेरा घेतला, त्याला हातभर लांबीची भिंग-नळी घेतली आणि तिला ठेवायला तिकाटणं घेतलं. दुकानदारानं 'तुम्ही काय करता' विचारलं तर म्हणाले, "शिकार."

परतताना मुंबईहून गाडीनं आले. मी न्यायला गेलो होतो. महाराष्ट्र विधानसभेची आचारसंहिता चालू होती. कागलच्या पुढं, पुलाच्या अलीकडे, नाक्यावर गाड्या थांबवून तपासणी चालली होती. रोकड, दारू, हत्यार. एका तरुण पोलिसानं डिकी उघडली आणि चिवड्याच्या रिकाम्या डब्यांमागची काळी लांबोळकी पिशवी उचलून बघितली.

"यात काय आहे? बंदूक आहे का?"

अण्णा दार उघडून खाली उतरले. सात तासांच्या प्रवासात आखडलेला माणूस, पण एकदम ताठ. "तुम्हाला बंदूक वाटली?"

"लांबीवरनं वाटतेय."

"वजन घेऊन बघा की."

पोलिसानं चेन ओढली. आतून तिकाटण्याचे तीन पाय निघाले. "फोटोचं स्टँड आहे. जावा तुम्ही."

"असं कसं जावा?" अण्णा म्हणाले. "नीट तपासा साहेब. माझ्याकडं परवाना आहे." आणि त्यांनी खरोखरच पॅंटच्या चोरखिशातून ते बुक काढलं. केनियालाही ते बरोबर गेलं होतं. जिराफासमोर ते कुणी विचारलं नव्हतं.

पोलिसानं टॉर्चच्या उजेडात पान वाचलं. "काका, हा कर्नाटकापुरता आहे. इथं चालत नाही. तुम्ही आत्ता महाराष्ट्रात आहात."

"आम्ही घरात झोपलो तरी महाराष्ट्रातच असतोय," अण्णा म्हणाले. "तेवढं ह्या बुकाला पटेना झालंय. तुम्ही जरा लिहून देता काय?"

"मागं लाइन लागलीया," पोलीस म्हणाला. "गाडी काढा."